पाहिला अजिंठा, आठवले फर्दापूर

अजिंठ्याची लेणी अजिंठा गावात नाहीत. गाव वर घाटमाथ्यावर, लेणी खाली वाघूर नदीच्या नालासारख्या वळणात, आणि तिथे शिरायची वाट फर्दापुरातून. तालुका सोयगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. नाव अजिंठ्याचे झाले, युनेस्कोच्या यादीत १९८३ साली गेले ते अजिंठा, पण गाडी थांबते ती फर्दापूरच्या टी-पॉइंटवर. खासगी वाहनाला इथून पुढे मज्जाव. उरलेले चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. त्यामुळे मुंबईचा असो, मलकापूरचा असो की टोकियोचा, अजिंठ्याला आलेला प्रत्येक माणूस आधी फर्दापुरात पायउतार होतो, तिकिटे काढतो, रांगेत उभा राहतो आणि बरोबरच्या कोणावर तरी चिडतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की मराठी कुटुंबाची अजिंठ्याची सहल खऱ्या अर्थाने इथेच होते. पुढे लेण्यांत घडते ते दर्शन. दर्शनाने माणूस भारावतो, गप्प होतो आणि यथावकाश ते विसरतो. फर्दापूर मात्र वीस वर्षांनी कोणाच्या तरी बारशाला, पंगतीत कोशिंबीर फिरत असताना, अचानक निघते.

पडताळा घ्यायचा असेल तर सोपे आहे. अजिंठा पाहून आलेल्या कोणत्याही घरात विचारा, काय पाहिलेत? पहिले उत्तर येईल, ‘फारच सुंदर!’ दुसरे येईल, ‘एकदा बघायलाच पाहिजे.’ यानंतर दोन क्षण शांतता. आणि मग कोणीतरी म्हणेल, ‘ते राहू द्या हो, आत्याच्या चपलेचं सांगा की!’ इथून जो पूर फुटतो तो चहा गार झाला तरी ओसरत नाही. पार्किंगचे पैसे एका ठिकाणी, सुविधांचे तिकीट दुसरीकडे, बसचे तिसरीकडे आणि लेण्यांचे तिकीट थेट वर पायथ्याशी. पाकीट काकांकडे, सुटे पैसे काकूंकडे, आणि काकू तेवढ्यात स्वच्छतागृहाच्या शोधात गेलेल्या. एसी बसने जायचे की साध्या, यावर मतदान. साध्या बसच्या बाजूने कौल लागेपर्यंत साधी बस गेलेली. ‘मी आधी येऊन गेलोय’ असे घाटापासून सांगत आलेल्या जावईबापूंनी सगळ्यांना पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या रांगेत उभे केलेले. रंगीत लेण्यांपाशी चपला काढायला सांगतात, तिथे आत्यांनी काढलेल्या आणि परत घातलेल्या चपला एकाच घरच्या नव्हत्या, हा शोध परतीच्या बसमध्ये लागलेला. सोळाशे वर्षांपूर्वी भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या डोळ्यांतली करुणा ज्यांना आज धड सांगता येत नाही, त्यांना त्या दुसऱ्या चपलेचा अंगठा कोणत्या बाजूने उसवला होता हे ठाऊक असते.

याचे कारण लोकांना कलेची कदर नाही असे नव्हे. कारण साधे आहे: लेण्यात कुटुंबाला काम नसते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाइड गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यावर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने आणि एकदा समोरून दिवा धरतो. तेवढ्याने मूर्तीचा भाव बदलतो आणि पाचही जण एकदम ‘वा!’ म्हणतात. आता पाच जणांनी एकदम ‘वा!’ म्हटल्याची गोष्ट कोण कोणाला सांगणार? त्यात नायक नाही, खलनायक नाही, कोणाचे चुकलेले नाही. कुटुंबाची आठवण ही साठवायची वस्तू नसून सांगायची वस्तू असते, आणि सांगायला पात्रे लागतात. फर्दापूरला ती आयती मिळतात: खजिनदार काका, चुकणारे जावई, हरवणारी आत्या, भूक लागलेले पोर, आणि ‘मी म्हणतच होते’ असे म्हणणारी एक व्यक्ती, जी प्रत्येक घरात असतेच. याच पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत डोके एकच. पद्मपाणी विसरलेली मुले हे हरिण मात्र मोठेपणीही विसरत नाहीत. कारण तिथे त्यांना काम मिळाले होते. डोके नेमके कोणत्या हरणाचे यावर भावंडांचे भांडण झाले होते.

फर्दापूरच्या गारगोट्यांचेही तसेच. टी-पॉइंटवरच्या दुकानांत आणि वाटेवरच्या फिरत्या विक्रेत्यांच्या हातांत जे दगड दिसतात, ते वरून मळकट बटाट्यासारखे असतात. विक्रेता तो दुभंग बटाटा डब्यासारखा उघडतो आणि आत पांढरे किंवा जांभळे स्फटिक चमकतात. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत क्वार्ट्झ, झिओलाइट असली खनिजे पाझरून जमली. म्हणजे ज्या बेसॉल्टात लेणी खोदली त्याच खडकाच्या पोटातली ही पिल्ले. हे भूशास्त्र कोणाच्याही लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते असे की आईने निम्म्याहून कमी भाव सांगितला, विक्रेता दुखावला, बस सुटेपर्यंत खिडकीखालून भाव उतरवत उतरवत आला आणि शेवटी आईच्याच भावाला ‘घ्या’ म्हणाला. त्यावर आनंद होण्याऐवजी ‘अजून कमी सांगायला हवं होतं’ ही हळहळ आईला जळगावपर्यंत पुरली. ती गारगोटी आता शोकेसमध्ये तुळजापूरच्या तसबिरीशेजारी असते. पाहुणा ‘हे काय?’ म्हणाला की उत्तर ‘झिओलाइट’ असे येत नाही. ‘ती ना, हिची एक गंमतच आहे,’ असे येते.

इथे एक गंभीर हरकत येईल. ‘अहो, यात सिद्ध काय झाले? माणसाला त्रासच आठवतो. फर्दापूरला त्रास झाला म्हणून फर्दापूर आठवते, बस!’ हरकत वजनदार आहे, पण पुरती खरी नाही. नुसता त्रास लक्षात राहत असता तर प्रत्येक घरात वीजबिलाच्या रांगांचे पोवाडे गायले गेले असते. तसे होत नाही, कारण त्या रांगेत माणूस एकटा असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेवढाच वेळ तसाच, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूच अंशभर कोमट केले. मग विचारले, पुन्हा करायचे तर कोणते? ३२ पैकी २२ जणांनी लांबलेला त्रासच निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. अजिंठ्याच्या सहलीला हे चपखल लागू पडते. दुपारचे ऊन, पायऱ्या, घामेजलेली पोरे, आणि शेवटी फर्दापूरला परत आल्यावर टपरीवरचा चहा आणि घरून आणलेले धपाटे, वर शेंगदाण्याची चटणी. या अखेरच्या अर्ध्या तासाने आधीचा सगळा दिवस कोमट होऊन जातो. अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या तीन आठवड्यांच्या सायकल सहलीवर गेलेल्या विद्यार्थ्यांची मते सहलीआधी, सहलीत आणि सहलीनंतर विचारली होती. सहलीत पोरे बरीच वैतागलेली होती. घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत तीच सहल त्यांना छान वाटू लागली. वैताग कच्चा माल असतो. त्याची गोष्ट घरी गेल्यावर बनते, आणि बनवायला किमान दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक मतभेद असलेला.

दुसरी हरकत रसिकांची. ‘सामान्य लोकांचे सोडा. जाणकार चित्रांसाठी जातो, चित्रेच घेऊन येतो.’ जाणकारांचा इतिहास बघू. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८१९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे खानदेशाच्या ऐन उन्हाळ्यात, वाघाच्या मागावर इथे आला आणि त्याने लेणी जगापुढे आणली. दहाव्या लेण्यात एका खांबावर बोधिसत्त्वाचे चित्र पाहून त्याला काय सुचले? त्याच चित्रावर त्याने स्वतःचे नाव आणि २८ एप्रिल ही तारीख खरडली. तेव्हा लेण्यात गाळ साचून जमीन उंच झाली होती, म्हणून ते नाव आता डोक्याच्या वर दिसते. सहलीतल्या आपल्या हुशार भाच्याला रागे भरण्यापूर्वी हे लक्षात असावे. मग मेजर रॉबर्ट गिल. १८४४ पासून त्यांनी पुढची दोनेक दशके या भिंतींच्या नकला करण्यात घालवली. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतल्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांना ते शहर काही मानवले नाही. पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की मराठी माणसाला गिल यांचे एकही चित्र आठवत नाही आणि पारो मात्र पाठ आहे. गिल यांची प्रेयसी, १८५६ साली वारलेली ही बाई. तिची समाधी अजिंठा गावात आहे. याच सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले ते तिच्या आणि गिलच्या प्रेमावर. पुढे त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी सिनेमा काढला. दोन दशकांचे काम आगीत गेले, घरातली गोष्ट उरली. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशा तरुण चित्रकारांना घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा तळ फर्दापूरलाच होता. दिवसा बोधिसत्त्व, रात्री फर्दापूर. तिथे जेवणावरून कुरबुरी झाल्याच नसतील असे मानायला मन धजत नाही, पण पुरावा हाती नाही, म्हणून सोडून देतो.

खरे उत्तर मात्र भिंतींवरच आहे. ही चित्रे काढणाऱ्यांना घरगुती क्षणांची किंमत आपल्या गाइडपेक्षा जास्त कळत होती. सोळाव्या लेण्यात नंदाची कथा आहे. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ, घरात लग्नाची गडबड. बुद्ध भिक्षेला आले, नंदाच्या हाती त्यांनी आपले भिक्षापात्र दिले आणि चालू लागले. आता मोठ्या भावाला ‘दादा, तुमचं भांडं’ कसे म्हणायचे? नंद भिडेपोटी पात्र घेऊन मागोमाग चालत राहिला. दारातून बाहेर पडला, रस्ता संपला, विहार आला, ‘संन्यास घेतोस?’ असे विचारल्यावरही नाही म्हणता आले नाही. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही या संकोचात पंधरा दिवस ठेवून घेणाऱ्या मराठी घराला नंदाची अवस्था वेगळी समजावून सांगावी लागू नये. त्याची बायको सुंदरी, नवऱ्याचा मुकुट परत आलेला पाहून कोसळते. ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून जे जगप्रसिद्ध चित्र आहे ते हेच. चित्रकाराने तिथे धर्माचा विजय रंगवलेला नाही. मान टाकलेली बायको, तिला सावरणारी दासी, काळजीने वाकलेले चेहरे, हे रंगवले आहे.

सतराव्या लेण्यात तर एका घराची उणीदुणी दोन भिंतींवर आहेत. एका भिंतीवर वेस्संतर जातक: दानाच्या भरात हा राजपुत्र आधी राज्याचा हत्ती देतो, मग रथ-घोडे, आणि बायको फळे आणायला रानात गेलेली असताना पोटची दोन पोरे एका ब्राह्मणाला देऊन टाकतो. बायको परत आल्यावर घरात काय झाले असेल, याची कल्पना ज्यांनी आपल्या बायकोला न विचारता जुना फ्रिज कोणाला देऊन टाकला आहे त्यांना येईल. याच लेण्यात दुसरीकडे यशोधरा छोट्या राहुलाला पुढे करून उभी आहे. समोर भिक्षापात्र घेतलेला भव्य बुद्ध, आणि त्याच्यापुढे मायलेकरे एवढीशी. आईने शिकवून पाठवले होते, बाबांकडे वारसा माग. पोराने मागितला, आणि बापाने वारसा म्हणून त्याला भिक्षूच केले. यावर आजोबा शुद्धोदनांनी जी तक्रार केली ती विनयपिटकात नोंदलेली आहे, आणि तिच्यामुळे नियम झाला की आईबापांच्या परवानगीवाचून कोणत्याही मुलाला दीक्षा द्यायची नाही. जगातल्या एका थोर धर्मसंघाच्या घटनेत आजोबांच्या रागाचे असे एक कलम आहे.

तिसरी हरकत सत्यवाद्यांची: या घरगुती आठवणी खोट्या असतात. कबूल. चप्पल आत्याची होती की मावशीची यावर दोन घरांत दोन पाठ असतात, आणि सहलीला जो नव्हताच तो सर्वांत तपशीलवार सांगतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणाच्या गोष्टी घरच्यांच्या हवाल्याने सांगितल्या आणि त्यांत ‘तू बाजारात हरवला होतास’ ही बनावट गोष्ट मिसळली. सहा जणांना ती कमीअधिक आठवू लागली. आपल्याकडे प्रयोगशाळा लागत नाही, दिवाळीत चार नातेवाईक जमले की भागते. पण आठवण म्हणजे पंचनामा ही समजूतच चूक आहे. जातककथांचीच रचना पाहा. प्रत्येक कथेच्या शेवटी बुद्ध पात्रांची ओळख पटवून देतात: तेव्हाचा तो म्हणजे आजचा अमुक. वेस्संतराच्या शेवटी ते सांगतात की वेस्संतर मी होतो, त्याची पत्नी म्हणजे राहुलाची आई आणि दान दिलेला मुलगा म्हणजे राहुल. म्हणजे एकाच लेण्यात, मागच्या जन्मी बापाने देऊन टाकलेला मुलगा या जन्मी बापाकडे वारसा मागतो आहे! ऐतिहासिक पुरावा कोणी मागत नाही. गोष्ट ऐकल्यावर समोर बसलेल्यांपैकी कोण कोण होता हे कळणे, हाच तिचा मुद्दा. ‘तो रडणारा पोरगा म्हणजे आत्ता बँकेत मॅनेजर आहे तो,’ असे म्हणून प्रत्येक मराठी आजी हेच करते.

लेणी खोदायला पैसे देणाऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे, तेही थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वीच्या दहाव्या लेण्याचे दर्शनी मुख देणारा वासिष्ठीपुत्र कटहादि स्वतःची ओळख आईच्या नावाने सांगतो. सव्विसाव्या लेण्याचा दाता बुद्धभद्र हा भिक्षू, घरदार सोडलेला. पण पुण्य अर्पण करताना त्याला आईवडील आणि जुना मित्र भव्विराज आठवतात. सतराव्या लेण्याच्या लेखात धाकटा भाऊ गमावलेल्या राजाचे दुःख आहे. राजे, मंत्री, धर्म यांची एवढी थोरवी मांडून झाल्यावर दगडावर अखेर घरातली माणसेच उतरली.

राहता राहिला मोबाइल. आता सगळे फोटोत असते, मग विसरण्याचा प्रश्न कुठे, असे तरुण विचारतात. लिंडा हेंकेल यांनी अमेरिकेतल्या एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. मात्र एखाद्या तपशिलावर झूम करून फोटो काढला तर आठवण शाबूत राहिली. लेण्यांत फ्लॅश वापरायला बंदी आहे, म्हणून अजिंठ्याचे घरगुती फोटो बहुधा बाहेरचे असतात: मागे डोंगर, पुढे उन्हाने डोळे बारीक झालेली सात माणसे, आठवा फोटो काढतोय. त्या आठव्याने सांगितलेली गोष्टच बाकी सातांच्या फोटोपेक्षा जास्त टिकते, कारण सगळ्यांचे चेहरे बघायला तो एकटाच मोकळा होता. झूमच करायचा असेल तर तो पद्मपाणीवर करू नका. त्याचे उत्तम फोटो पुस्तकांत आहेत. तिकिटांचे पैसे मोजणाऱ्या काकांच्या कपाळावर करा.

तेव्हा फर्दापूरला घाई करू नका. पहिली बस गेली तर जाऊ द्या, धपाट्यांची शिदोरी तिथेच सोडा, आणि जावईबापूंना रांग निवडू द्या. एक गोष्ट मात्र नियमानेच ध्यानात ठेवावी लागेल: अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. ज्यांना लेणी पाहायची आहेत त्यांनी हे वार टाळावेत. बाकीच्यांनी आपापसांत ठरवावे.